साखर, शर्करा आणि सॅकराइड

दिल्लीत सरकारी नोकरीवर रुजू झालो त्याला आता बरीच वर्षे लोटली. रामकृष्णपुरममधील सरकारी निवासस्थानात बिऱ्हाड थाटले आणि पहिल्याच संध्याकाळी चहाचे सामान आणण्यासाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. मुंबईत कानांवर पडलेल्या हिंदीच्या भरवशावर मी एक किलो शक्कर मागितली. दुकानदाराने मुकाट्याने तपकिरी रंगाची, जराशी दमट अशी भुकटी तोलून पिशवीत भरली. मी म्हटले, "लालाजी, हे काय दिलेत? मला शक्कर हवी आहे." तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "बाबूजी, ही शक्करच आहे. तुम्हांला चीनी हवी असेल."

उत्तरेच्या या भागात शक्कर म्हणजे गुळाची भुकटी. पांढरी, दाणेदार साखर ती चीनी. तिच्याच शेजारी खांड, बुरा आणि मिश्री अशी आणखी भावंडे मांडून ठेवलेली असतात. त्यांतल्या मिश्रीचे नाव ऐकून तर मराठी माणूस दचकतोच. कारण आपल्याकडे मिश्री म्हणजे दात घासायची तंबाखूची पूड! हा प्रसंग मी पुढे अनेकांना गंमत म्हणून सांगितला. भाषेच्या अशा गमती सांगण्यात आम्हां मराठी माणसांचा दिल्लीतला पुष्कळ वेळ सुखाने जातो. परंतु याच गमतीचे पुढे माझ्या घरात काय होणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

काही वर्षांपूर्वी माझी आई कोल्हापूरकडचे घर बंद करून आमच्याकडे राहावयास आली. तिला मधुमेह असल्याचे येथे आल्यावर तपासणीत आढळले. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी तिला समजावून सांगितले, "माताजी, चीनी बिलकूल बंद." आईला हिंदी बेताचेच कळते. म्हणून मी शेजारी बसून तत्परतेने भाषांतर केले, "आई, साखर पूर्ण बंद." आईने मान डोलावली. शब्दाची ती पक्की. त्या दिवसापासून तिने साखरेच्या डब्याला हात लावला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. सरासरी साखरेचा आकडा साडेसातावरून नवाच्या घरात गेला होता. घरी आल्यावर चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. आई चहात गूळ घालून घेत होती. सकाळी लाडवाऐवजी गूळ-शेंगदाणे, रात्री भाकरीबरोबर गूळ-तूप. गावाकडून कोणी आले की ती ढेप मागवून घेई. "अरे, तूच म्हणालास ना साखर बंद म्हणून? गूळ का साखर आहे?" या तिच्या प्रश्नावर मला उत्तर सुचेना. मराठी भाषेच्या दृष्टीने तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. गूळ म्हणजे साखर नव्हे. डॉक्टरांची चूक नव्हती, आईचीही नव्हती. चूक भाषांतरकाराची होती. आणि तो भाषांतरकार एम. ए. झालेला असून कार्यालयात इतरांच्या मसुद्यांतील शब्द तपासण्याचा पगार घेत होता!

तपासणीचा कागद मी पुन्हा एकदा हातात घेतला. त्यावर हिंदीत छापलेले होते, 'रक्त शर्करा'. चीनी नव्हे, शक्कर नव्हे, शर्करा. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेन, पण त्या दिवशी प्रथमच त्याच्यापाशी थांबलो. आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे ती या एका शब्दाचीच कहाणी.

संस्कृतातील शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ गोड असा मुळीच नाही. शर्करा म्हणजे खडी, वाळूतले बारीक खडे. मूत्रमार्गातील खडे फुटून बारीक कणांच्या रूपाने पडू लागले, तर सुश्रुतसंहिता त्या विकारालाही शर्कराच म्हणते. उसाचा रस आटवून, त्यातील मळी काढून जेव्हा दाणेदार पदार्थ हाती येऊ लागला, तेव्हा तो दिसण्यात आणि दाताखाली कचकचण्यात खड्यांसारखा वाटला, म्हणून त्याला ते नाव मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे. तीत फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी नावे ओळीने येतात. काकवीसारख्या पातळ पदार्थापासून कोरड्या, स्वच्छ कणांपर्यंतचा हा क्रम आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मनात गूळ आणि शर्करा ही एकाच कढईतून निघालेली भावंडे होती, याविषयी शंका नको. प्राकृतात शर्करेचे सक्खरा झाले, आणि त्याची आपल्या मराठीत साखर झाली. मूळचा खड्याचा अर्थ आपण पार विसरलो. इतका की मोठे खडे दाखवावयाचे तेव्हा साखरेच्या मागे पुन्हा 'खडी' लावून आपण खडीसाखर म्हणू लागलो.

हा शब्द मग प्रवासाला निघाला. शिकंदराबरोबर आलेल्या निआर्कस या दर्यावर्दी सेनानीने, मधमाश्यांवाचून मध देणारे वेत या देशात आहेत, अशी नोंद केली होती. त्या वेळी ग्रीकांना वस्तू दिसली होती. तिचे नाव त्यांच्या भाषेत रुळलेले नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र नावही पोचलेले दिसते. त्या काळातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची सागरप्रवासाची वही प्रसिद्ध आहे. आपले पैठण, तेर, सोपारा, कल्याण यांचे उल्लेख तिच्यात आहेत, म्हणून मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ती परिचयाची आहे. भडोचकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड यांच्या जोडीला ती 'साक्खरी नावाचा वेताचा मध' सांगते. त्याच शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस हिंदुस्थानातील वेतात सापडणाऱ्या, मिठासारख्या दिसणाऱ्या आणि दाताखाली फुटणाऱ्या घट्ट मधाचे नाव 'साक्खरोन' असे देतो. ग्रीकांनी उचललेले हे रूप पंडितांच्या संस्कृतातले नाही. ते बंदरावरच्या व्यापाऱ्यांच्या प्राकृतातले आहे. आपल्या साखरेचे ते सख्खे नातलग होय.

येथून या शब्दाला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट ग्रीकातून लॅटिनात गेली. तेथे 'साक्खारुम' हे रूप विद्वानांच्या ग्रंथांत शतकानुशतके राहिले. दुसरी वाट इराणमधून अरबांकडे गेली. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. अरबांनी ऊस आणि साखर भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत नेली, आणि त्यांच्याबरोबर शब्दही नेला. त्यापासून स्पॅनिश लोकांचे आसुकार, फ्रेंचांचे स्युक्र, जर्मनांचे त्सुकर आणि इंग्रजांची शुगर. रशियन लोकांनी मात्र ग्रीकांकडून शब्द घेतला. त्यांचा साखर हा शब्द ऐकून मराठी माणसाला आपण मॉस्कोत आहोत की मिरजेत, असा क्षणभर भ्रम व्हावा. आपल्या खण्डाचाही असाच प्रवास झाला. तो फारसीत कंद झाला आणि युरोपात पोचता पोचता कँडी.

पूर्वेकडेही तेच. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या थांग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकून येण्यासाठी मगधात माणसे धाडली होती. ज्यांना आपण ही विद्या दिली, त्यांच्याच नावाने पुढे उत्तर हिंदुस्थानात पांढऱ्या साखरेला चीनी म्हणू लागले. आणि मिस्र म्हणजे इजिप्त, त्याच्या नावाने खडीसाखरेला मिश्री! घरची मुलगी परदेशी जाऊन आली, म्हणून तिला परदेशी पाहुणी समजावे, तशातला हा प्रकार झाला.

आता आईच्या गुळाकडे येतो. तिच्या ढेपा संपल्या, तेव्हा दिल्लीच्या बाजारातून सुरेख वेष्टनातला गूळ मीच आणून दिला होता. त्यावर इंग्रजीत 'जॅगरी' असे छापले होते. हा शब्द कोठला? पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मलयाळी चक्कर, कानडी सक्करे असे शब्द ऐकले, त्याचे जागरा केले, आणि इंग्रजांनी त्याचे जॅगरी केले. चक्कर आणि सक्करे यांचे मूळ पुन्हा शर्कराच. म्हणजे गुळाच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत 'शर्करा' असेच लिहिलेले होते. ते वाचण्याची दृष्टी माझ्यापाशी नव्हती, इतकेच.

येथवर झाला तो स्वयंपाकघरातल्या आणि बाजारातल्या शब्दाचा इतिहास. पण रोग्याच्या कागदावर जी शर्करा येते, तिचा अर्थ बाजारात ठरलेला नाही. तो प्रयोगशाळेत ठरलेला आहे. १७४७ साली बर्लिनमध्ये मार्गग्राफ नावाच्या रसायनज्ञाने बीटच्या कंदातून स्फटिक काढले, ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि उसाच्या साखरेहून ते वेगळे नाहीत असे दाखवून दिले. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. तोपर्यंत साखर म्हणजे उसापासून होणारी एक वस्तू होती. त्यानंतर साखर हे एका पदार्थाचे नाव झाले, मग तो उसात असो की कंदात. वस्तूच्या नावाचे संज्ञेत रूपांतर झाले. १७५३ मध्ये लिनेअसने उसालाच साक्खारुम हे शास्त्रीय नाव दिले. पुढच्या शतकात रसायनशास्त्राची भरभराट झाली आणि साखरेच्या जातकुळीतले पदार्थ एकामागून एक ओळखले जाऊ लागले. १८३८ मध्ये फ्रान्समध्ये ग्रीक शब्दावरून ग्लुकोज हे नाव घडवले गेले. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम मिलर याने उसाच्या साखरेला सुक्रोज म्हटले. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने या रेणूंची अंतर्रचना उलगडून दाखवली. त्याला १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात हे काम होते.

या साऱ्या कुळाला आज जीवरसायनशास्त्रात सॅकराइड असे म्हणतात. एकच घटक असेल तर मोनोसॅकराइड, दोन जोडलेले असतील तर डायसॅकराइड, आणि शेकडो-हजारोंची साखळी असेल तर पॉलिसॅकराइड. ही नावे ऐकली की विद्यार्थ्याच्या अंगावर काटा येतो. परंतु ती उलगडून पाहा. सॅकराइड म्हणजे ग्रीकांच्या वाटेने गेलेली आपली शर्करा. सुक्रोज म्हणजे अरबांच्या वाटेने गेलेली आपली शर्करा. 'सुक्रोज हे डायसॅकराइड आहे' हे वाक्य म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी जग फिरून आलेल्या एकाच शब्दाची पुनर्भेट होय. इतकेच काय, पॉलिसॅकराइड या शब्दातला 'पॉली' हाही ग्रीक शब्द संस्कृतातील 'पुरु', म्हणजे पुष्कळ, या शब्दाचा भाऊ आहे.

परंतु अर्थ किती पालटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोडी हे आता कुळाचे लक्षण राहिलेले नाही. भातातले आणि भाकरीतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. भाकरीचा घास सावकाश चघळला तर गोडसर लागतो, कारण लाळेतील एक विकर त्या साखळ्या तोडू लागतो. कापसाचा धागाही ग्लुकोजच्याच साखळ्यांचा. जोडणीची तऱ्हा तेवढी निराळी, म्हणून तो आपल्याला पचत नाही. काही रोगजंतूंच्या अंगावर पॉलिसॅकराइडचे कवच असते, आणि न्यूमोनिया व विषमज्वर यांवरील काही लसी त्या कवचापासूनच तयार करतात. उलट, १८७९ साली अमेरिकेत फालबर्ग याला दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांवर काम करताना जो अतिगोड पदार्थ सापडला, त्याचे नाव सॅकरिन. पण तो या कुळातला नव्हेच! नाव आहे, गोडी आहे, नाते नाही. आणि आमच्या सुती सदऱ्यात गोडी नाही, पण नाते आहे.

आता प्रश्न असा, की मराठीत या संज्ञा कशा आणाव्यात? दिल्लीत १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना झाली, डॉ. दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. महाराष्ट्रात त्याच सुमारास, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले आणि पुढे त्याने शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. तेव्हापासूनचा वाद आजही मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, पॉलिसॅकराइड हा परका शब्द, बहुशर्करा म्हणा. दुसरा म्हणतो, संज्ञा जगभर चालते, तीच लिहा. मला स्वतःला पहिल्या पक्षाचे थोडे हसू येते, कारण ज्या शब्दाला तो परका म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवतो, तो याच घरातून बाहेर पडलेला आहे. परंतु मूळ आमचे आहे म्हणून छाती फुगवणाऱ्यांचेही मला तितकेच हसू येते. शब्द आपण दिला हे खरे. पण आपण दिला तो खड्यांसारख्या दिसणाऱ्या एका गोड वस्तूचा. त्या शब्दात रेणू, साखळी, कुळ हे अर्थ भरले ते मार्गग्राफने, फिशरने आणि त्यांच्यासारख्या शेकडो लोकांनी, वर्षानुवर्षे तराजू आणि परीक्षानळी हातात धरून. शब्दावर हक्क सांगायचा, तर तो अशा कष्टांनीच मिळतो.

असा हक्क मिळवता येतो याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे, आज त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, आणि १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. उसातून शेकडा किती साखर हाती आली याला इंग्रजी पुस्तकांत जो शब्द आहे, त्याला आपल्या ऊसकऱ्याने कोणत्याही समितीची वाट न पाहता 'उतारा' म्हटले. आज ज्याने रसायनशास्त्राचे एक पान वाचलेले नाही, असा शेतकरीही कारखान्याच्या उताऱ्यावर तासभर नेमके बोलू शकतो. कारण त्या आकड्यावर त्याच्या उसाचा भाव ठरतो. ज्या शब्दावर पोट अवलंबून असते, तो कळतोच.

मग ज्या शब्दावर जीव अवलंबून असतो, तो का कळू नये? माझे म्हणणे एवढेच आहे की, नशिबाने मराठीला या बाबतीत दोन शब्द मिळालेले आहेत. साखर हा तद्भव शब्द डब्यातल्या पांढऱ्या दाण्यांसाठी, आणि शर्करा हा तत्सम शब्द साऱ्या कुळासाठी. द्राक्षशर्करा, फलशर्करा, दुग्धशर्करा, इक्षुशर्करा ही नावे मराठी शास्त्रीय ग्रंथांत पूर्वीपासून आहेत. इंग्रजीत मात्र शुगर हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, आणि तेथील रोग्याचाही गोंधळ होतो. वैद्याने, परिचारिकेने, आणि घरातल्या शहाण्या म्हणवणाऱ्या मुलाने एवढा विवेक ठेवला, की साखर म्हणजे शर्करेच्या घरातली एक मुलगी, सारे घर नव्हे, तर किती अनर्थ टळतील! विद्यार्थ्याने परीक्षेत पॉलिसॅकराइड लिहावे की बहुशर्करा, हा वाद आयोगांनी खुशाल आणखी पन्नास वर्षे चालवावा.

त्या रात्री मी आईजवळ बसलो आणि माझे भाषांतर दुरुस्त केले. "आई, साखर बंद असे मी म्हणालो ते चुकले. डॉक्टरांना शर्करा म्हणायचे होते. गुळात तीच, काकवीत तीच, मधातही तिचेच प्रकार. भात, भाकरी पोटात गेल्यावर त्यांचीही शर्कराच होते. ती मोजून खायची." तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. शर्करा हा शब्द तिला नवा नव्हता. देवाला पंचामृत घालताना तिने तो जन्मभर ऐकलेला होता. तिने विचारले, "आणि दुधात?" मी म्हणालो, "दुधातही एक शर्करा असते. दह्यातही थोडी उरते." ती बोटांवर मोजू लागली. दूध, दही, तूप, मध, शर्करा. मग म्हणाली, "म्हणजे देवाच्या पाच अमृतांतले मला तूप तेवढे राहिले म्हणायचे!"

दुसऱ्या दिवशी गुळाची उरलेली ढेप तिने शेजारच्या पंजाबी कुटुंबाला देऊन टाकली. देताना मोडक्या हिंदीत तिने त्यांना काय सांगितले, ते मी आतल्या खोलीतून ऐकले. ती म्हणत होती, "बेटी, हे गूळ आहे, पण आहे शर्कराच. जपून खा."